बोटभर चित्रात मावणारा खेळ
गोंडस ‘इंडी’ गेमचे दुकानातील मुखपृष्ठ कसे घडते?

पालघर तालुक्यातील दांडी हे बोईसर-तारापूर परिसरातील मासेमारांचे गाव. १९६९ मध्ये सुरू झालेले तारापूरचे अणुवीज केंद्र आणि बोईसरची औद्योगिक वसाहत ही या परिसराची शहरी वाचकाला असलेली ओळख. पण हिवाळ्यात या किनारपट्टीवर फिरणाऱ्याच्या डोळ्यांत आधी भरतात ते बांबूंच्या आडव्या काठ्यांवर ओळीने टांगलेले बोंबील, त्यांच्यावर टपलेले कावळे आणि खाली दबा धरून बसलेली मांजरे.

समजा, या दृश्यावरून एखाद्या तरुणाने संगणकावरचा छोटासा खेळ रचला. एक चिमुरडी हातात काठी घेऊन वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करते. कावळे हाकलायचे, बोक्याला चकवायचे आणि आभाळ भरून येण्याआधी सुकी मासळी टोपल्यांत भरायची, एवढेच त्याचे कथानक. खेळाचे नाव ‘राखण’. हा खेळ अर्थात काल्पनिक आहे. पण तो करणाऱ्यासमोर उभा राहणारा प्रश्न मात्र पूर्णपणे खरा आहे. दोन-तीन वर्षे खपून केलेले काम विक्रीला ठेवताना ग्राहकाला प्रथम दिसते ते एक चित्र, तेही अनेकदा आगपेटीच्या छापाहून लहान. त्या चित्रावर नजर थांबली नाही, तर पुढचे काहीच पाहिले जात नाही.

‘स्टीम’ या संगणकीय खेळांच्या सर्वांत मोठ्या दुकानात २०२४ या एकाच वर्षात १८ हजारांहून अधिक खेळ दाखल झाले. मोठ्या कंपन्यांकडे जाहिरातीचे अंदाजपत्रक असते. ‘इंडी’ म्हणजे स्वतंत्र, बहुधा एकट्यादुकट्याने किंवा चार-पाच जणांच्या चमूने केलेल्या खेळाकडे ते नसते. त्याची जाहिरात, दुकानाची पाटी आणि पुस्तकाचे मुखपृष्ठ ही तिन्ही कामे त्या एका चित्राला करावी लागतात.

एक चित्र, अनेक मापे

‘मुखपृष्ठ’ हा शब्द एकवचनी असला तरी महाजालावरील दुकानांत ते एकच चित्र नसते. स्टीमवर या चित्रांना ‘कॅप्सूल’ म्हणतात. २०२४ मध्ये सुधारलेल्या मापांनुसार खेळाच्या पानावरील शीर्षचित्र ९२० बाय ४३० पिक्सेल, याद्यांमधील लहान चित्र ४६२ बाय १७४, दुकानाच्या दर्शनी भागातील मुख्य चित्र १२३२ बाय ७०६ आणि उभे चित्र ७४८ बाय ८९६ पिक्सेल असते. खेळ विकत घेतल्यानंतर ग्राहकाच्या संग्रहात दिसणारे उभे मुखपृष्ठ ६०० बाय ९०० पिक्सेलचे असते. याखेरीज संग्रहातील पानाच्या माथ्यावर ३८४० बाय १२४० पिक्सेलचे भव्य चित्र लागते आणि त्यावर नाव किंवा अन्य मजकूर असता कामा नये, असा दंडक आहे.

मोबाइलच्या दुकानांत रीत वेगळी. गूगल प्लेवर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा चौकोनी आयकॉन आणि १०२४ बाय ५०० पिक्सेलचे आडवे चित्र द्यावे लागते. अ‍ॅपलच्या दुकानासाठी आयकॉन १०२४ बाय १०२४ पिक्सेलचा असतो. चौकोनाचे कोपरे दुकान स्वतःच गोल करते, त्यामुळे कोपऱ्यात ठेवलेला महत्त्वाचा तपशील कापला जातो. नवोदितांचे आवडते ठिकाण असलेल्या ‘इच डॉट आयओ’वर ६३० बाय ५०० पिक्सेलच्या चित्राची शिफारस आहे.

आकड्यांच्या या जंत्रीतून एकच धडा घ्यायचा. मूळ चित्र असे रचले पाहिजे, की ते आडवे, उभे आणि चौकोनी अशा तिन्ही चौकटींत बसवता येईल. त्यासाठी पात्र, पार्श्वभूमी आणि नाव हे तीन थर स्वतंत्र ठेवावेत. एकच आडवे चित्र कातरून सगळीकडे चिकटवले, तर उभ्या चौकटीत मुलीचे डोके राहते आणि कावळा गायब होतो, किंवा कावळा राहतो आणि नाव अर्धे कापले जाते. प्रत्येक माप ही वेगळी रचना मानणे हाच यावर उपाय आहे.

सर्वांत कठीण परीक्षा लहान चित्राची. स्टीमच्या काही याद्यांत ते आपोआप १२० बाय ४५ पिक्सेलपर्यंत आकसते. एवढ्या जागेत निसर्गदृश्य, होडी, सूर्यास्त आणि पाच पात्रे यांचा नुसता गढूळ डाग उरतो. म्हणूनच स्टीमची चालक कंपनी ‘व्हॉल्व्ह’ची सूचना अशी, की लहान चित्रात खेळाच्या नावानेच बहुतेक जागा व्यापावी. ‘राखण’च्या बाबतीत मोठे नाव आणि त्याच्या एका टोकाला बसलेला कावळा एवढे तेथे पुरेसे ठरेल.

दुकानाचे नियम

पूर्वी अनेक खेळांच्या कॅप्सूलवर परीक्षणांचे गुण, पुरस्कारांची चिन्हे, सवलतीची टक्केवारी, ‘नवा भाग आला’ अशा घोषणा यांची गर्दी असे. १ सप्टेंबर २०२२ पासून व्हॉल्व्हने त्याला आळा घातला. कॅप्सूलवर फक्त खेळाचे चित्र, खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते. मोठ्या सुधारणेची घोषणा करायची असल्यास तात्पुरते वेगळे चित्र लावण्याची सोय आहे, पण तिला मुदत असते. गूगलनेही २०२१ पासून आयकॉन आणि नाव यांत ‘सर्वोत्तम’, ‘पहिला क्रमांक’, ‘मोफत’ अशा शब्दांना व चिन्हांना मनाई केली आणि नावाची मर्यादा ३० अक्षरांवर आणली.

छोट्या निर्मात्याच्या दृष्टीने हे नियम उपकारकच ठरले. पुरस्कारांच्या बिल्ल्यांची स्पर्धा संपली आणि चित्र व नाव यांच्या जोरावर लक्ष वेधण्याची संधी सर्वांना सारखी झाली.

मराठी मुखपृष्ठांचा वारसा

गर्दीच्या फळीवरून ग्राहकाची नजर खेचून घेण्याची कला महाराष्ट्राला नवी नाही. बाबूराव पेंटर यांनी १९२०च्या दशकात आपल्या मूकपटांची भित्तिपत्रके स्वतः रंगवली. गोव्यातून मुंबईत आलेल्या दीनानाथ दलाल (१९१६-१९७१) यांनी शेकडो पुस्तकांची वेष्टने सजवली आणि १९४५ पासून ‘दीपावली’ हा आपला दिवाळी अंक चित्रांच्या बळावर घराघरांत पोचवला. रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांच्या मुखपृष्ठांनी बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांना चेहरा दिला. रेल्वे फलाटावरील पुस्तकांच्या गाड्यावर टांगलेली ती पुस्तके गाडी सुटायच्या आत प्रवाशाला हात पुढे करायला लावत. आजच्या महाजालावरील दुकानाचे वेळेचे गणित त्याहून फारसे निराळे नाही.

वसंत सरवटे (१९२७-२०१६) यांची मुखपृष्ठे आणखी एक गोष्ट शिकवतात. विनोदी चित्राला एका प्रसंगाची गरज असते. नुसते हसरे पात्र पाहून कोणी हसत नाही. पुढच्या क्षणी काय होणार याची चाहूल लागली, की पाहणाऱ्याच्या ओठांवर हसू येते. गोंडस खेळाच्या मुखपृष्ठाला हाच नियम तंतोतंत लागू पडतो.

अक्षरांच्या बाबतीत कमल शेडगे (१९३५-२०२०) यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. वर्तमानपत्रातील नाटकांच्या जाहिराती म्हणजे शेजारी शेजारी दाटलेल्या, काळ्या-पांढऱ्या, बोटभर चौकटी. त्या चौकटींत नाटकाचे नाव असे रेखायचे, की ते विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की कौटुंबिक, हे अक्षरांच्या वळणावरूनच कळावे. शेडगे यांनी शेकडो नाटकांसाठी हे काम केले. आज १२० पिक्सेल रुंदीच्या कॅप्सूलशी झुंजणाऱ्या चित्रकारासमोरचा प्रश्न हाच आहे आणि त्याचे उत्तर मराठी वर्तमानपत्रांच्या जुन्या पानांवर सापडते.

गोंडसपणाचे गणित

एखादे चित्र ‘गोड’ का वाटते, याचा शास्त्रीय विचार ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये मांडला. शरीराच्या मानाने मोठे डोके, उंच कपाळ, चेहऱ्याच्या मध्याखाली असलेले मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि आखूड हातपाय ही बाळाची लक्षणे दिसताच माणसाच्या मनात वात्सल्य जागे होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. ही लक्षणे पिल्लांत असोत, बाहुलीत असोत वा रेषांत, परिणाम तोच. मिकी माउस हे पात्र काळाच्या ओघात अधिकाधिक बाळसेदार कसे होत गेले, याचे मोजमाप जीवशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी १९७९ च्या एका लेखात केले होते. जपानमध्ये तर ‘कवाई’ म्हणजे गोजिरवाणे ही स्वतंत्र सौंदर्यकल्पनाच झाली. १९७४ साली जन्मलेली ‘हॅलो किटी’ ही तिची जगभर पोचलेली प्रतिनिधी.

परंतु या सूत्राचा अतिवापर हाच आज गोंडस खेळांचा मोठा शत्रू झाला आहे. दुकानाच्या यादीत मोठ्या डोळ्यांची मांजरे, गुलाबी ढग आणि फुगीर अक्षरे यांची रांग लागली, की कोणतेच मांजर वेगळे दिसत नाही. लोरेन्झची लक्षणे पात्राला आपुलकी मिळवून देतात, ओळख मात्र देत नाहीत. ओळख येते ती एखाद्या विजोड तपशिलातून. ऑस्ट्रेलियातील ‘हाउस हाउस’ या चमूच्या ‘अनटायटल्ड गूस गेम’ (२०१९) मधील हंस दिसायला साधा आहे, पण तो खोडकर आहे आणि गावाला छळतो, या विसंगतीनेच तो लक्षात राहिला. ‘राखण’मधल्या मुलीच्या डोळ्यांतही केवळ निरागसता असून चालणार नाही. आपल्याहून उंच काठी पेलत तिने कावळ्याकडे टाकलेला करडा कटाक्ष, हे तिचे वेगळेपण ठरेल.

रचना : एक पात्र, एक कृती, एक जागा

मुखपृष्ठाची रचना करताना तीन प्रश्नांची उत्तरे पाहणाऱ्याला एका नजरेत मिळावीत. खेळात आपण कोण आहोत? काय करतो? कुठे आहोत? ‘राखण’पुरते बोलायचे तर मुलगी, कावळ्यापासून मासळी राखणे आणि समुद्रकिनारा ही ती उत्तरे. चौथ्या गोष्टीला मुखपृष्ठावर जागा नाही. खेळात बोका असेल, आजी असेल, वादळाचा प्रसंग असेल. त्यांची जागा आतल्या पानावरच्या चित्रांत.

पात्राची छायाकृती, म्हणजे आतून पूर्ण काळी भरलेली बाह्यरेषा, ओळखू येते का, हे सर्वांत आधी तपासावे. हात अंगाला चिकटलेले असतील तर छायाकृतीचा गोळा होतो. उगारलेली काठी, वाऱ्यावर उडणारी वेणी, कावळ्याच्या चोचीतून लोंबणारा बोंबील असे बाहेर आलेले आकार ती वाचनीय करतात. कावळा आणि मुलगी यांच्यात थोडी मोकळी जागा सोडली, तर नजर तेथे अडखळते आणि दोघांमधला ताण जाणवतो.

चेहरा मोठा हवा. नवोदित चित्रकार बहुधा संपूर्ण देखावा दाखवण्याच्या मोहात पात्राला चौकटीच्या दशांशाएवढे लहान करतात. पात्र चौकटीच्या उंचीच्या निम्म्याहून अधिक जागा व्यापत असेल, तरच लहान आकारात त्याच्या चेहऱ्यावरचे भाव टिकतात.

रंग : दुकानाच्या पार्श्वभूमीवर पाहावेत

चित्रकार पांढऱ्या कागदावर किंवा करड्या पडद्यावर काम करतो, पण स्टीमचे दुकान गडद निळसर आहे. त्याच गडद निळ्यात रंगवलेले रात्रीचे दृश्य तेथे विरून जाते. म्हणून रंग ठरवताना दुकानाच्या पानाचे छायाचित्र घेऊन, आजूबाजूच्या खेळांच्या रांगेत आपले चित्र ठेवून पाहणे आवश्यक आहे. चित्र कृष्णधवल करून पाहिले, तर पात्र आणि पार्श्वभूमी यांतील उजेड-अंधाराचा फरक पुरेसा आहे की नाही, हे लगेच समजते. लाल-हिरव्यातला भेद ज्यांना दिसत नाही, अशा ग्राहकांसाठीही हीच कसोटी उपयोगी पडते.

दांडीच्या किनाऱ्याचे रंग येथे उपयोगी पडू शकतात. उत्तर कोकणातील समुद्राचे पाणी गाळामुळे मातकट असते आणि वाळू काळसर. पर्यटन-जाहिरातींतला निळाशार सागर येथे नाही. मातकट पाणी, करडे आभाळ, सुकत्या बोंबलांचा फिकट रुपेरी-पिवळा रंग आणि मुलीच्या परकराचा एकच झगझगीत डाग, अशी मोजकी रंगसंगती गुलाबी-निळ्या खेळांच्या गर्दीत आपोआप उठून दिसेल. खरेपणा येथे व्यवहारालाही सोयीचा ठरतो. मात्र एक चूक टाळावी. हा किनारा पश्चिमेचा आहे. समुद्रातून वर येणारा सूर्य दाखवला, तर पहिला आक्षेप गावातलाच माणूस घेईल.

अक्षर : नाव वाचता आले पाहिजे

देवनागरी नावाची अडचण रोमन नावाहून वेगळी असते. वेलांट्या आणि मात्रा शिरोरेषेच्या वर जातात, उकार खाली उतरतात. त्यामुळे ठरावीक उंचीच्या चौकटीत अक्षराच्या मूळ अंगाला कमी जागा उरते. नाव निवडतानाच हा विचार केला, तर पुढचे श्रम वाचतात. ‘राखण’ या नावात वर मात्रा नाही, खाली उकार नाही आणि जोडाक्षरही नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष मात्र एक आहे. ‘ख’ नीट जोडलेला नसेल, तर लहान आकारात तो ‘रव’ वाचला जातो आणि ‘राखण’चा ‘रारवण’ होतो. उतावळ्या वाचकाला तो ‘रावण’ही वाटू शकेल. गोंडस खेळावर ही आफत ओढवू नये म्हणून ‘ख’चे दोन्ही भाग तळाशी ठळकपणे सांधले पाहिजेत.

तयार टंक वापरायचा असल्यास मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे ‘बालू’ आणि ‘मोदक’ हे टंक मुक्त परवान्याखाली उपलब्ध आहेत. पहिला गोलसर आणि खेळकर, दुसरा नावाप्रमाणे गुबगुबीत. ‘मोदक’ची अक्षरे इतकी भरीव आहेत, की त्यांतील पोकळ जागा लहान आकारात बुजू शकतात, तो मोठ्या मापातच शोभतो. टंक जसाच्या तसा वापरण्यापेक्षा त्यातील एखाद्या अक्षरात खेळाची खूण गुंफणे अधिक चांगले. ‘राखण’ची शिरोरेषा ही मासळी टांगण्याची आडवी काठी होऊ शकते आणि तिच्यावर कावळा बसू शकतो. शिरोरेषा हे देवनागरीचे वैभव आहे. रोमन लिपीत असे वाळत घालायला काठीच नाही!

खेळ जगभर विकायचा असल्यास रोमन नावाचीही स्वतंत्र आखणी करावी लागते. भाषेनुसार वेगळे कॅप्सूल देण्याची सोय स्टीमवर आहे. दोन्ही लिपी एकाच लहान चित्रात कोंबल्या, तर दोन्ही वाचता येत नाहीत.

मुखपृष्ठ हे आश्वासन आहे

चांगल्या चित्राचे काम ग्राहकाला थांबवणे एवढेच नाही. योग्य ग्राहकाला थांबवणे हे आहे. शांत खेळावर घाईगर्दीचे चित्र लावले, तर गर्दी येते आणि नाराज होऊन परत जाते, जाताना प्रतिकूल अभिप्राय लिहून जाते. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’चा ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ (२०२०) हा खेळ भावाच्या शोधात असुरांशी लढणाऱ्या मुलीचा. पहाडी चित्रशैलीची छाया असलेल्या त्या साहसकथेचे मुखपृष्ठ गुळगुळीत गोंडस करणे ही ग्राहकाची दिशाभूल ठरली असती. गोव्यातील ‘फ्रॉस्टवूड इंटरॅक्टिव्ह’चा ‘फरगॉटन फील्ड्स’ (२०२१) हा खेळ बालपणीच्या घरी परतणाऱ्या लेखकाची संथ गोष्ट सांगतो. तेथे चित्राकडून निवांतपणाचीच अपेक्षा असते.

गोंडस रूपाखाली गंभीर किंवा भीतिदायक आशय असेल, तर जबाबदारी वाढते. ‘कल्ट ऑफ द लॅम्ब’ (२०२२) मध्ये कोकरू गोजिरवाणे आहे, पण खेळ पंथ आणि बळी यांचा आहे. नावातला ‘कल्ट’ हा शब्द आणि चित्रातला लाल मुकुट हे दोन्ही आधीच सूचित करतात. मुलांसाठी खेळ निवडणाऱ्या पालकांच्या दृष्टीने ही सूचना महत्त्वाची असते.

स्थानिक रंग आणि ठरीव साचा

गावावरच्या खेळाला सर्वांत मोठा धोका ठरीव साच्याचा. शहरी नजरेला मासेमार म्हटले, की चित्रपटगीतांतला कोळी वेश आणि नाचणारी होडी आठवते. दांडीच्या किनाऱ्यावर जे आहे ते पाहून काढावे: जाळ्यांची रचना, होडीचा आकार, स्त्रियांच्या साडीची नेसण, टोपलीचा घाट. सुकी मासळी हा अनेक घरांचा, विशेषतः स्त्रियांचा, कमाईचा आधार आहे. अवकाळी पावसात ती भिजणे म्हणजे हंगामाचे नुकसान. मुखपृष्ठ गोंडस असावे, पण ज्यांच्या श्रमावर खेळ उभा आहे त्यांची थट्टा करणारे नसावे. चित्र पूर्ण होण्यापूर्वी ते गावातील चार जणांना दाखवणे हा सौजन्याचा आणि शहाणपणाचाही भाग आहे.

पालघर जिल्हा म्हटले, की वारली चित्रशैली वापरण्याचा मोहही होतो. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे (१९३४-२०१८) यांनी ती जगापुढे नेली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांना भौगोलिक मानांकनही आहे. पण ही आदिवासी समाजाची कला आहे, किनाऱ्यावरच्या प्रत्येक गोष्टीवर लावायचा ‘स्थानिक शिक्का’ नव्हे. खेळाचा विषय खरोखर त्या जगाशी निगडित असेल, तर वारली चित्रकाराकडूनच काम करून घ्यावे, त्याचे नाव द्यावे आणि मोबदला ठरवावा. तांत्रिक अडचणही ध्यानात घ्यावी. वारली चित्राची गंमत शेकडो बारीक आकृतींच्या मेळ्यात असते आणि नेमक्या त्याच १२० पिक्सेलमध्ये नाहीशा होतात. तेथे त्रिकोणांची एकच आकृती मोठी करून घ्यावी लागेल.

चाचणी : मतांपेक्षा नजर मोजावी

मित्रमंडळींना ‘चित्र कसे आहे?’ असे विचारले, की ‘छान’ हेच उत्तर मिळते. त्याऐवजी दुकानाच्या यादीत आपले चित्र मिसळून ते दोन सेकंद दाखवावे आणि काय आठवते ते विचारावे. नाव आठवले का? खेळ कशाचा वाटला? ‘स्वयंपाकाचा’ असे उत्तर आले, तर टोपल्या जास्त झाल्या आहेत असे समजावे.

मोबाइलच्या दुकानांत प्रत्यक्ष ग्राहकांवर चाचणीची सोय आहे. गूगल प्लेवर मूळ चित्राच्या विरुद्ध आणखी तीन पर्याय पडताळता येतात. अ‍ॅपलने डिसेंबर २०२१ पासून तशीच सोय दिली असून तीही तीन पर्यायांपुरती, कमाल ९० दिवसांसाठी आहे. पर्यायांत एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चित्र, रंग आणि नाव तिन्ही बदलले, तर फरक कशाने पडला हे कळत नाही. भेट देणारे मोजकेच असतील, तर आकड्यांतला किरकोळ फरक योगायोगही असू शकतो. स्टीमवर चित्र किती वेळा दिसले आणि त्यावरून किती जण पानावर आले, हे आकडे निर्मात्याला पाहता येतात. चित्र बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे आकडे ताडून पाहणे हा तेथील मार्ग.

चित्रकाराशी करार

बहुतेक निर्माते मुखपृष्ठ व्यावसायिक चित्रकाराकडून करून घेतात आणि तोंडी बोलण्यावर व्यवहार संपवतात. येथेच पुढच्या वादाचे बीज असते. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशी असावे लागते. करारात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते आणि प्रदेश नमूद नसेल तर हक्क केवळ भारतापुरते समजले जातात. जगभर विकल्या जाणाऱ्या खेळाच्या बाबतीत या दोन रिकाम्या जागा महागात पडू शकतात. हक्क हस्तांतरित झाले तरी आपले नाव लागावे आणि कलाकृतीची विटंबना होऊ नये, हे चित्रकाराचे विशेष अधिकार कायद्याच्या कलम ५७ नुसार कायम राहतात.

करारात मापांची यादी, थर सुटे असलेली मूळ फाइल, दुरुस्त्यांच्या फेऱ्या, टी-शर्ट वा बाहुल्यांवरील वापर आणि श्रेयाचा उल्लेख एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने चित्र केले असल्यास ते कळवणे स्टीमने जानेवारी २०२४ पासून आवश्यक केले आहे आणि ही माहिती ग्राहकाला खेळाच्या पानावर दिसते. हाताने घडवलेपणा हेच ज्या खेळांचे आकर्षण, त्यांच्या चाहत्यांचा अशा मुखपृष्ठांवर रोष होतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

अखेरची पडताळणी

चित्र दुकानात जाण्यापूर्वी काही गोष्टी पुन्हा पाहाव्यात. सर्वांत लहान आकारात नाव वाचता येते का? काळ्या छायाकृतीत पात्र ओळखू येते का? कृष्णधवल रूपात ते पार्श्वभूमीपासून सुटे दिसते का? खेळात नसलेली गोष्ट चित्रात आली आहे का? शेजारच्या दहा खेळांत ते वेगळे दिसते का? आणि ज्या गावाची ही गोष्ट, तेथील माणसाला ते आपले वाटेल का?

पहिल्या पाच प्रश्नांची उत्तरे पडद्यावर मिळतात. सहाव्यासाठी बोईसर स्थानकावर उतरून दांडीपर्यंत जावे लागते. बोंबील वाळत असतील त्या दिवसांत गेल्यास राखण करणारी चिमुरडी आणि तिच्यावर डोळा ठेवून असलेला कावळा, दोघेही तेथे भेटण्याची शक्यता आहे.